डुक्कर सोकावलं कुणामुळे? हाँगकाँगच्या रानडुकरांचं प्रकरण

17 नोव्हेंबर 2021ची रात्र. हाँगकाँग बेटाच्या दक्षिणेला, डीप वॉटर बेच्या बाजूला शुम वान रोड नावाचा रस्ता आहे. त्या रात्री सरकारी कर्मचारी तिथे पाव घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेला टाकून थांबले. रानडुकरं आली. रोजच यायची, कारण या रस्त्यावर माणूस दिसला की खायला मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग डार्टगन घेऊन उभ्या असलेल्या पशुवैद्यांनी भुलीच्या सुया मारल्या. सात डुकरं आडवी झाली. याआधी अशी डुकरं शुद्धीवर यायच्या आत दूरच्या डोंगरात नेऊन सोडली जात. त्या रात्री त्यांना औषध टोचून मारून टाकलं.

या प्रकरणावर लिहायला घेतलं की माझं मन पुन्हापुन्हा त्या पावापाशी येऊन थांबतं. त्याच रस्त्यावर लोक कित्येक दिवस पाव टाकत होते. त्या रात्री सरकारने टाकला. पहिला पाव आणि हा पाव यांत फरक करायचं कोणतंही साधन डुकरापाशी नव्हतं.

शहराच्या पाठीला टेकलेलं रान

हाँगकाँग म्हटलं की काचेचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. पण तिथल्या सुमारे 1,100 चौरस किलोमीटर जमिनीपैकी जवळजवळ 40 टक्के जमीन कंट्री पार्क आणि तशाच संरक्षित क्षेत्रांत आहे. साधारण 75 लाख माणसं उरलेल्या जागेच्याही एका तुकड्यात दाटीवाटीने राहतात. बेटावर तर वीस-तीस मजली इमारतीची मागची भिंत आणि डोंगराचा चढ यांत कधीकधी फक्त एक गटार आणि एक पायवाट असते. आपल्या डोक्यात असलेलं गाव, गावकूस, मग शेतं, मग माळ आणि मग रान असं उतरंडीचं चित्र तिथे लागू पडत नाही. मधली पायरीच नाही. डुकराने दहा पावलं टाकली की ते सोसायटीच्या वाहनतळात.

हे डोंगर नेहमी असे हिरवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरपणासाठी झाडं तोडली गेली आणि टेकड्या बोडक्या झाल्या. नंतर लागवड झाली, 1976 मध्ये कंट्री पार्कचा कायदा आला आणि रान पुन्हा दाटलं. रानडुक्कर तिथलं मूळचंच जनावर. बाहेरून आणून सोडलेलं नाही, पाळीव डुकरं सुटून रानटी झाली असंही नाही. त्यामुळे बातम्यांत त्याला 'घुसखोर' म्हटलेलं वाचलं की मला जरा गंमत वाटते.

त्याला खाणारं मात्र कुणी उरलं नाही. 1915 मध्ये शेउंग शुईजवळ एका वाघाने दोन पोलिसांचा जीव घेतला होता. 1942 मध्ये स्टॅनलीला एक वाघ मारला गेला, त्याचं कातडं तिथल्या टिन हाऊ देवीच्या देवळात आजही आहे. त्यानंतर एखाददुसरं पिल्लू गिळणारा अजगर सोडला तर रानडुकराच्या वाटेला जाणारं कुणी नाही. (टिन हाऊ ही समुद्राची देवी. तिच्याच नावाचा एक रहिवासी भाग बेटाच्या उत्तर बाजूला आहे. तो पुढे या प्रकरणात येणार आहे.)

माणसाचा धाक काही वर्षं होता. न्यू टेरिटरीज या मुख्य भूमीकडच्या भागात परवाना दिलेली नागरी शिकारी पथकं होती. तक्रार आली की ती जायची. पण इमारतींच्या गर्दीत बंदूक चालवता येत नाही, कुत्री लावून जनावर पिटाळणं लोकांना बघवत नव्हतं आणि प्राणिप्रेमी संघटनांचा विरोध वाढत होता. 2017 मध्ये ही शिकार थांबवण्यात आली.

कौतुकाचे दिवस

सुरुवातीला शहराला या पाहुण्यांचं कौतुकच होतं. 2015 मध्ये चाय वानच्या एका मॉलमध्ये एक पिल्लू शिरलं, छतात चढलं आणि छत फुटून लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात पडलं. 2021 मध्ये एका पिल्लाने क्वॉरी बे स्थानकात शिरून मेट्रो पकडली आणि बंदराखालच्या बोगद्यातून पलीकडे प्रवास केला. सेंट्रल या व्यापारी भागात बँक ऑफ चायनाच्या मनोऱ्याबाहेरच्या कारंज्यात डुकरीण पिल्लांसकट डुंबताना दिसली. हे व्हिडिओ जगभर फिरले. पट्टेपट्टेवाली पिल्लं दिसायला गोंडसच असतात.

तक्रारी वाढत होत्या त्या दुसरीकडे. रानडुक्कर दिसल्याच्या किंवा त्याने त्रास दिल्याच्या नोंदी 2013 मध्ये 294 होत्या, त्या 2017 पर्यंत 738 झाल्या. या आकड्यांवरून डुकरं अडीचपट झाली असं कुणी म्हणू नये. तक्रारींच्या आकड्यात डुकरं मोजलेली असतात तसे फोन करणारेही मोजलेले असतात आणि व्हिडिओ फिरायला लागले की फोनही वाढतात. पण एक गोष्ट निश्चित होती. डुक्कर पूर्वी जिथे आणि ज्या वेळी दिसत नव्हतं, तिथे आणि त्या वेळी दिसू लागलं होतं. भर दिवसा, रहदारीच्या रस्त्यावर, माणसाकडे तोंड करून.

डुक्कर शिकतं कसं

हा भाग थोडा सावकाश सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय याच्यावर बेतले किंवा फसले आहेत.

रानडुक्कर स्वभावाने भिडस्त. माणसाची चाहूल लागली की कळप झुडपात जातो आणि माणूस गेल्यावर बाहेर येतो. नजर बेताचीच, पण नाक आणि कान तल्लख. कळप माद्यांचा असतो. एक पोक्त डुकरीण पुढे, तिच्या मुली-भाच्या आणि त्यांची पिल्लं मागे. मोठा नर एकांडा फिरतो. अन्न कुठे मिळतं हे पोक्त मादीला माहीत असतं आणि पिल्लं तिच्या मागे चालत चालत ते शिकतात. म्हणजे एका डुकरिणीला लागलेली सवय एका मोसमात पाच-सहा जणांची होते.

आता शहराच्या कडेला काय घडतं ते पाहू. पहिल्या रात्री डुकरीण येते ती कचऱ्याच्या वासाने. डब्याच्या कडेखाली नाक घालून एक हिसडा दिला की हलका डबा आडवा. दिवसभर जमीन उकरून जेवढं पोटात जात नाही तेवढं तिथे पाच मिनिटांत मिळतं. माणूस लांब उभा राहून फोटो काढतो, काही करत नाही. हा पहिला धडा: माणूस निरुपद्रवी आहे. काही दिवसांनी तोच माणूस, किंवा त्याचा शेजारी, एक पावाचा तुकडा टाकतो. दुसरा धडा: माणूस म्हणजे अन्न. तिसरा धडा सगळ्यांत वाईट. अन्न येण्याआधी एक आवाज होतो, प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज. आठवडाभरात डुक्कर त्या आवाजाला कान टवकारतं, आणि मग बाजारातून भाजी घेऊन घरी निघालेल्या ज्या बाईने आयुष्यात कधी डुकराला काही घातलेलं नाही, तिच्या हातातल्या पिशवीवर ते नाक लावतं. ती घाबरून पिशवी वर उचलते. डुक्कर पिशवीला झोंबतं. तिच्या लेखी तो हल्ला असतो, डुकराच्या लेखी रोजचं जेवण. पिशव्या डुकराच्या नजरेस पडू देऊ नका, हा सल्ला वन्यजीवांचं काम पाहणारा सरकारी विभाग लोकांना देऊ लागला तो यामुळेच.

मराठीत याला नेमका शब्द आहे: सोकावणं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं आपण म्हणतो त्यातलं सोकावणं. शहरात आलेलं डुक्कर ही फार मोठी अडचण नसते. वाट चुकलेलं डुक्कर वाट सापडली की जातं. सोकावलेलं जात नाही.

माझ्या मते हाँगकाँगमध्ये 'रानडुकरांचा त्रास' या एका नावाखाली तीन निरनिराळी जनावरं मोजली जात होती. डोंगरातलं, जे फक्त पायवाटेवर दिसतं. वाट चुकून किंवा कचऱ्याच्या मोहाने काठावर आलेलं, जे बिथरलं तर धोकादायक असतं. आणि सोकावलेलं, जे बिथरत नाही पण अंगचटीला येतं. शुम वान रोडवरची तिसऱ्या प्रकारातली होती. ती गाड्यांच्या मागे धावत, थांबलेल्या गाडीच्या दारापाशी येऊन उभी राहत. तिन्हींवर इलाज एक असू शकत नाही.

सुई आणि बंदी

ही जबाबदारी ज्याच्यावर आहे तो तिथला कृषी, मत्स्यव्यवसाय आणि संवर्धन विभाग. 2017च्या अखेरीस त्याने एक प्रायोगिक योजना सुरू केली: वस्तीत येणारी डुकरं भुलीने पकडायची, संततिप्रतिबंधक लस टोचायची आणि दूरच्या डोंगरात नेऊन सोडायची. लस होती 'गोनाकॉन', अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वन्यजीव संशोधन केंद्रात विकसित झालेली. ती शरीराला स्वतःच्याच एका प्रजनन संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लावते. एका टोचणीत मादीला काही वर्षं पिल्लं होत नाहीत. मारणं नाही, रक्त नाही. लोकांनाही पटण्यासारखं.

या कल्पनेवर विभागाचा विश्वास का बसला असावा, हे बघायला थोडं मागे जावं लागतं. हाँगकाँगला त्याआधी माकडांनी छळलं होतं. बेटासमोरच्या काऊलूनच्या मागच्या काम शान परिसरात लोक माकडांना खायला घालत आणि माकडं त्यांच्या पिशव्या ओढत. तिथे विभागाने दोन गोष्टी केल्या होत्या. 1999 मध्ये त्या परिसरात वन्यप्राण्यांना खायला घालण्यावर कायद्याने बंदी आणली आणि पुढे माकडांवर दीर्घकाळ संततिप्रतिबंधाचा कार्यक्रम चालवला. माकडांचा जन्मदर खरोखर उतरला.

डुकरांची पाळी आली तेव्हा या दोन धड्यांपैकी एकच उचलला गेला. सुई आली, बंदी आली नाही. खायला घालण्याची बंदी 1999 मध्ये माकडांपुरती आखली गेली होती. त्या हद्दीबाहेर, जिथे डुकरं सर्वांत जास्त सोकावली होती अशा ठिकाणी, डुकराला पाव टाकणं हा गुन्हाच नव्हता. विभाग फलक लावत होता, आवाहनं करत होता. आवाहनाने ऐकणारा माणूस मुळात पाव टाकत नाही.

आणि जो धडा उचलला तोही डुकराला बसणारा नव्हता. माकडिणीला एका वेळी एक पिल्लू होतं. रानडुकरिणीला एका वितीत चार ते सहा, कधी जास्त. गर्भकाळ साधारण 115 दिवसांचा, आणि खाणं मुबलक असेल तर मादी वर्षाची व्हायच्या आत विण्यालायक होते. समजा दहा माद्यांपैकी पाच पकडून टोचल्या. माकडांच्या टोळीत याचा अर्थ वर्षाला पाच पिल्लं कमी. डुकरांच्या कळपात उरलेल्या पाच माद्या मिळून पंचवीस पिल्लं घालतात आणि कचऱ्याच्या डब्यावर ती बहुतेक जगतात. फरक पडायला बहुसंख्य माद्यांना सुई लागायला हवी. प्रत्येक मादीसाठी डार्ट, पशुवैद्य, पिंजरा, गाडी, आणि भूल चढेपर्यंतची ती अवघड मिनिटं, ज्यांत जनावर रस्त्यावर धावू शकतं किंवा दरीत उतरू शकतं. हे रोज, शहरभर करणं कुठल्याही विभागाला परवडत नाही.

त्याहून मूलभूत अडचण वेगळीच होती, आणि ती कुणी फारशी बोलून दाखवली नाही. लस प्रजननाचं काम थांबवते, सवयीचं नाही. टोचलेली डुकरीण पूर्वीइतकीच सोकावलेली राहते. उलट पिल्लांच्या मागे जाणारी शक्ती वाचल्यामुळे ती जास्त वर्षं तब्येत राखून पिशव्या ओढू शकते. तिला डोंगरात नेऊन सोडलं तरी जिथे माणूस भेटतो त्या पहिल्या पायवाटेवर ती पुन्हा हात पुढे करणार, आणि तिने मोकळी केलेली जागा शेजारचा कळप भरून काढणार, कारण त्या जागी पाव अजून पडतोच आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

विभागावर फार कठोर होतोय का मी? थोडा. या योजनेमुळे कुणाचं नुकसान झालं नाही आणि काही काठावरच्या डुकरांना ती लागूही पडली. बागेत अडकलेलं, शाळेच्या आवारात शिरलेलं जनावर भुलीने उचलून डोंगरात नेणं हा उत्तमच उपाय आहे. चूक त्या सुईला सगळ्या प्रश्नाचं उत्तर मानण्यात होती.

9 नोव्हेंबर

माणसं जखमी होण्याचे बहुतेक प्रसंग 2018 नंतरचे. 2021च्या नोव्हेंबरपर्यंत विषय तापला होताच. 9 नोव्हेंबरला संध्याकाळी टिन हाऊच्या रहिवासी भागात एका रानडुकराने धुमाकूळ घातल्याची खबर पोलिसांना मिळाली. साहाय्यक पोलीस दलातला एक जण तिथे पोहोचला. डुक्कर त्याच्यावर धावून आलं आणि पायाला चावलं. मग ते पळालं आणि वाहनतळाच्या कठड्यावरून सुमारे दहा मीटर खाली पडून मेलं.

मोठं, घाबरलेलं जनावर. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंत, खाली फरशी जिच्यावर खूर घसरतात. कोंडीत सापडलेलं रानडुक्कर मुसंडी मारतं, त्यात नवल नाही. आपलं काम करायला गेलेल्या त्या पोलिसाचाही दोष नाही. पण पुढच्या निर्णयासाठी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती: चावणारं डुक्कर त्याच रात्री मेलं होतं.

तीन दिवसांनी, 12 नोव्हेंबरला, विभागाने धोरण बदलल्याचं जाहीर केलं. वस्तीत वारंवार येणारी, माणसांच्या खाण्याला सवकलेली डुकरं यापुढे पकडून मारली जातील. हाँगकाँग सरकारच्या तेव्हाच्या प्रमुख, मुख्य कार्यकारी कॅरी लॅम यांनी निर्णयाची पाठराखण केली. आणि पाच दिवसांनी शुम वान रोडवर पाव पडले.

मोहिमेची जागा तीच का, याचं विभागाचं उत्तर सरळ होतं: तिथली डुकरं सर्वांत जास्त सोकावलेली होती, रहदारीत शिरत होती, अपघाताचा धोका होता. हे खरंच होतं. तिथे मोहीम सोपीही होती, हेही तितकंच खरं. डोंगरातलं डुक्कर शोधायला रात्री घालवाव्या लागतात, बिथरलेल्याच्या जवळ जाता येत नाही. माणसावर विश्वास टाकलेलं डुक्कर पाव टाकला की वीस फुटांवर येऊन उभं राहतं.

प्राणिप्रेमी संघटना खवळल्या. चार वर्षं ज्या जनावरांना सुई टोचून सोडलं, त्यातलीच काही आता मारणार का, असा प्रश्न आला. काही टीकाकारांचं म्हणणं भाबडं होतं. ते शुम वानला जाऊन रोज खाऊ घालणाऱ्यांविषयी एक शब्द काढत नव्हते. पण एका प्रश्नाला विभागापाशी उत्तर नव्हतं: डुकराला मारता, मग त्याला सोकावणाऱ्याचं काय?

हिशेब असा आहे. मारायचं धोरण नोव्हेंबर 2021चं. खायला घालण्यावरची बंदी संपूर्ण हाँगकाँगला लागू झाली 1 ऑगस्ट 2022 रोजी. मधले आठ-साडेआठ महिने, जिथे बंदी नव्हती तिथे माणसाने पाव टाकणं कायदेशीर होतं आणि डुकराने तो खाणं मरणाचं कारण ठरू शकत होतं. कायदा करायला वेळ लागतो, मान्य. अधिसूचना, विधिमंडळ, तारखा. पण हा कायदा नव्याने लिहायचा नव्हता. 1976च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यात खाऊबंदीची सोय होती आणि 1999 पासून ती वापरात होती. नकाशावरची रेघ तेवढी हलवायची होती. ती 2017 मध्ये, सुईच्या बरोबरीने हलवता आली असती. हे मी आज मागे वळून म्हणतोय हे खरं, पण माकडांचा अनुभव 2017 मध्येही त्याच विभागाच्या कपाटात होता.

काय साधलं

2022 पासून विभागाने ठिकठिकाणी मोहिमा घेतल्या आणि शेकडो डुकरं मारली गेली. डुकरांची संख्या घटल्याचं विभागाने सांगितलं.

आता अभ्यास करणाऱ्याची पंचाईत इथे होते. मारणं आणि बंदी हे दोन्ही उपाय एकाच शहरात, जवळपास एकाच काळात चालू झाले. त्याच सुमारास डुकराला उलटवता येणार नाहीत असे नवे कचऱ्याचे डबेही बसत होते. घट कशामुळे झाली? विभाग म्हणेल मोहिमांमुळे, संघटना म्हणतील बंदीमुळे, आणि दोघांनाही खोटं पाडता येणार नाही. बंदी आधी आणून एक-दोन वर्षं शुम वानसारख्या जागांवर काय होतं ते नीट मोजलं असतं, तर किती डुकरं मारावी लागतात हे कळलं असतं. कदाचित तरीही मारावी लागलीच असती. सोकावलेलं जनावर सवय सहसा विसरत नाही, आणि पाव अचानक बंद झाला की काही दिवस ते जास्तच आक्रमक होतं. मारूच नये असं माझं म्हणणं नाही. वस्तीत माणसाच्या अंगावर येणारं मोठं जनावर उचलावंच लागतं, आणि त्याला दूर नेऊन सोडणं म्हणजे आपली डोकेदुखी दुसऱ्या गावाच्या माथी मारणं. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी हात बांधायचा, मग डबा, आणि त्यातूनही जे उरतं त्याला डार्ट. हाँगकाँगने हे उलट्या दिशेने केलं.

डब्यांविषयी दोन शब्द, कारण बातम्यांत ते कधी येत नाहीत. डबा जड हवा, तळाशी जखडलेला हवा, झाकण वरून नाकाने उचलता न येणारं हवं, आणि तरीही म्हाताऱ्या माणसाला एका हाताने उघडता यायला हवं. शेवटच्या अटीवर भलेभले नमुने आपटतात. उघडायला कठीण डबा असला की लोक पिशवी डब्याशेजारी ठेवून जातात, आणि मग डबा मजबूत असून उपयोग शून्य. वेळही महत्त्वाची. कचरा रात्री बाहेर ठेवून पहाटे उचलला जात असेल तर मधले सहा तास डुकरांचे.

बंदी तरी किती चालली? सुरुवातीला दंडाची कमाल मर्यादा 10,000 हाँगकाँग डॉलर होती, आणि गुन्हा सिद्ध करायला माणूस खायला घालताना रंगेहाथ सापडावा लागे. खाऊ घालणारे रात्री येतात, गाडीतून टाकतात आणि निघून जातात. त्यांच्यात निव्वळ गंमत म्हणून येणारे असतात तसे, भुकेल्या जिवाला घास घालणं हे पुण्य आहे असं मनापासून मानणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्यांना दंडाने फार फरक पडत नाही. त्यांना दाखवावं लागतं की त्यांचा घास डुकराला कुठे घेऊन जातो. सतरा नोव्हेंबरच्या सात डुकरांपेक्षा चांगला दाखला त्यासाठी मिळणं कठीण, पण त्या रात्रीच्या बातम्यांत चर्चा झाली ती विभागाच्या क्रौर्याची. पाव कुणी सुरू केला याची फार कमी.

1 ऑगस्ट 2024 पासून कायदा आणखी कडक झाला. कमाल शिक्षा 1 लाख हाँगकाँग डॉलर दंड आणि एक वर्ष कैद, आणि खटला न भरता जागच्या जागी भरायचा ठरावीक दंड 5,000. पावती फाडण्याचा अधिकार पोलिसांसकट इतर खात्यांच्या अधिकाऱ्यांनाही मिळाला, म्हणजे एकट्या वन्यजीव विभागाला रात्रभर झुडपात दबा धरून बसायला नको. याच वेळी बंदीत आणखी एक जीव आला: रस्त्यावरची पारवी कबुतरं. त्यांच्या बाबतीत कुणाला चावा बसायची वाट मात्र शहराने पाहिली नाही.